माप घेतलेलं हाड

रेणुसे सर लग्नात जिलेबी खात नाहीत, जिलेबी बघतात. माझ्या नणंदेच्या मुलीच्या लग्नात ते आचाऱ्याच्या कढईपाशी पाऊण तास उभे होते. अक्षता पडल्या, दोन पंगती उठल्या, नणंद तीनदा येऊन "सर, बसून घ्या आता" म्हणून गेली. सरांचं सगळं लक्ष आचाऱ्याच्या हातातल्या फडक्यावर. फडक्याच्या भोकातून पीठ कढईत पडतं, त्याचं वेटोळं होतं आणि ते वेटोळं पसरत नाही, हे ते पुन्हा पुन्हा बघत होते. शेवटी आचारी वैतागला. म्हणाला, "साहेब, तुमी भेसळ तपासणारे का?"

"नाही हो," सर म्हणाले. "तुमचं आकार धरतंय. माझं धरत नाही."

आचाऱ्याने मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "ताई, ह्यांचं डोकं बरं हाय ना?"

"बरं आहे," मी म्हटलं. "प्राध्यापक आहेत."

भोरमधल्या ज्या फार्मसी कॉलेजात सर शिकवतात, तिथलं स्टोअर मी सांभाळते. शिवाय ते राहतात आमच्याच गल्लीत, आमच्या समोरच्या दोन खोल्यांत, एकटे. म्हणजे कॉलेजात सर आणि घरी आल्यावर खिडकीत सर. मूळचे गुंजवण्याचे. घर आणि भातखाचरं धरणात गेली, आईवडील त्यानंतर फार दिवस राहिले नाहीत. लग्नाचं विचारलं तर म्हणतात, "राहून गेलं." एसटी चुकल्याचं सांगावं त्या सुरात.

सर हाडं छापतात, असं भोरमध्ये सगळे म्हणतात. हे तितकंसं खरं नाही, पण ते समजावून सांगण्याचा सरांना इतका उत्साह आहे की लोकांनी खोटं तेच धरून ठेवलंय, निदान ते थोडक्यात आटपतं. मी ऐकून ऐकून पाठ केलेलं सांगते. स्लॅब टाकताना खाली फळ्या लावतात, सिमेंट आवळलं की काढतात. तसंच हाडाचा तुकडा गेला आणि आत पोकळी राहिली, तर तिथे सर फळ्या लावणार. त्या फळ्या म्हणजे एक जाळी. समुद्रातल्या शेवाळाची पूड, जिलेटीन आणि हाडात असतो तोच क्षार बारीक दळून, असं सगळं कालवून केलेल्या ओल्या जेलची. शरीर त्या जाळीच्या भोकांतून आपलं हाड भरत जातं आणि जाळी हळूहळू विरघळून जाते. फळ्या काढायला गवंडी लागत नाही. जाळीत औषधही घातलेलं असतं. ते कसं सुटलं पाहिजे, तर माठातून पाणी पाझरतं तसं. नळ सोडल्यासारखं नाही.

हे सगळं सर एसटी स्टँडवर, दूध आणायला गेल्यावर, कटिंगच्या खुर्चीत बसून, कुणालाही सांगतात. खुर्चीत बसून सांगताना मान हलते, म्हणून न्हाव्याने त्यांना एकदा अर्ध्या मिशीवर तंबी दिली होती.

जाळी छापायचं मशीन आमच्या प्रयोगशाळेत आहे. शिलाई मशीन आणि सोऱ्या यांचं लग्न लावलं तर जे होईल तसं ते दिसतं. सुईतून जेलचा धागा येतो, सुई मागेपुढे फिरते, थरावर थर बसतो. बसला तर. पहिली काही वर्षं तो बसतच नव्हता. सकाळी छापलेली जाळी दुपारी भजीच्या पिठासारखी पसरलेली असायची. तेव्हापासून "आकार धरतंय का?" हा सरांचा प्रश्न झाला आणि तो ते सगळ्यांना लावायला लागले. नव्या डांबरी रस्त्याला, तालुक्यातल्या राजकारणाला, माझ्या मुलाच्या नोकरीला. शेजारच्या वहिनींनी केस कापून घेतले तेव्हा त्यांनाही सरांनी हेच विचारलं. वहिनी महिनाभर बोलत नव्हत्या.

एका उन्हाळ्यात मी गच्चीवर कुरडया घालत होते. सर वर आले आणि माझ्यासमोर उकिडवे बसले. त्यांच्या सुईत जेल सारखं अडकत होतं. पातळ केलं तर पसरतं, घट्ट केलं तर अडकतं.

"मॅडम, तुमचा चीक अडकत नाही?"

"गार झाला की अडकतो," मी म्हटलं. "म्हणून गरम असतानाच भरायचा. आणि सोऱ्याही गरम पाण्यातून काढून घ्यायचा. पितळ गार असलं की चीक कडेनं धरतो."

सर ताडकन उठले आणि निघून गेले. जाताना त्यांचा पाय दोन ओल्या कुरडयांवर पडला तेही त्यांना कळलं नाही. त्यांनी जेल गरम ठेवलं होतं, पण सुई उघडी, गार. आठवडाभरात त्यांनी सुईभोवती गरम पाण्याची नळी गुंडाळली आणि धागा सरळ यायला लागला. पुढे त्यांचा शोधनिबंध छापून आला, त्यात शेवटी आभारात माझं नाव आहे. कशाबद्दल ते लिहिलेलं नाही. कुरडईचं लिहायला सर तयार होते, प्राचार्य नको म्हणाले.

त्यानंतर पुष्कळ जाळ्या झाल्या. त्यातली सतरा नंबरची सरांच्या मते उत्तम. अंगठ्याच्या नखाएवढी, वाळवलेली, पांढरी, बत्ताशासारखी हलकी. सर ती औषधाच्या छोट्या डबीत घालून शर्टाच्या खिशात ठेवत. समोर माणूस आला की डबी निघायची. विद्यार्थी परीक्षेत येणार नाही म्हणून बघत नसत, प्राध्यापक मंडळी घड्याळ बघत. मीसुद्धा "हो का, हो का" म्हणत पोळ्या लाटत असे.

मागच्या शिमग्याच्या आधी कॉलेजने वेल्ह्यात आरोग्य शिबिर घेतलं. सरांनी मशीन टेम्पोत घालून नेलं. मी नको म्हटलं होतं, कारण टेम्पोतून आणल्यावर ते पुसायला मलाच लागतं. पण शिबिरात सगळ्यात मोठी गर्दी सरांच्या टेबलापाशी झाली. पहिल्या रांगेत एक म्हातारा धनगर बसला होता, धाकूबाबा ढेबे. वेल्ह्याच्या वरच्या अंगाला डोंगरात त्यांचा वाडा, सात-आठ घरांचा. शेळ्यांमागे जाताना कड्यावरून पडले होते, नडगी मोडली होती. हाड कसंबसं जुळलं, पण जखम भरेना. दोन वर्षं पू वाहत होता. हाडच आतून सडत होतं.

सर बोलत राहिले आणि बाबा एकटक बघत राहिले. दोन तास. सर बोलायचे थांबले तेव्हा बाबा म्हणाले, "माज्या पायाचं माप घ्या."

इथे सरांनी चूक केली. म्हाताऱ्याचं मन कशाला मोडा, म्हणून खिशातून कॅलिपर काढला, नडगीची लांबी-रुंदी मोजली आणि वहीत लिहून घेतली. शिवाय नाव आणि गावही लिहिलं. वरती "बघू, बाबा" म्हणाले.

आमच्या भागात माप घेतलं म्हणजे काम धरलं. शिंप्याने माप घेतल्यावर तो "बघू" म्हणाला तरी झंपर होणारच असतो, फक्त कधी ते बघायचं असतं. सर शिकून शिकून हे विसरले होते.

दसरा झाल्यावर एक बाई कॉलेजात आली. धाकूबाबांची बायको, ठकूबाई. पायात चप्पल नाही, डोक्यावर पदर, हातात पिशवी. थेट स्टोअरच्या खिडकीशी आली.

"हाडाचं सर हितं बसत्यात का?"

मी सरांना बोलावलं.

"माप दिऊन आट म्हैनं झालं, सर," ती म्हणाली. "हाड कदी मिळंल?"

सर माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "माझ्याकडे काय बघता? माप मी घेतलं नाही."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. भोरच्या डॉक्टरांनी बाबांना पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात जायला सांगितलं होतं. ऑपरेशन करून सडलेलं हाड काढून टाकायचं, आत औषध भरायचं. महिनाभर तिथेच राहायचं. आता गेलात तर पाय राहील, उशीर केलात तर गुडघ्याखाली कापावा लागेल. बाबा म्हणाले होते, गरज नाही, भोरचे सर आपल्या मापाचं हाड करतायत.

"रोज वाट बगत्यात," ठकूबाई म्हणाली. "कोन बी वर आलं का इचारत्यात, भोरास्नं काय निरोप?"

सर खुर्चीत बसले. खिशातली डबी काढली आणि न उघडताच परत ठेवली.

त्याच रविवारी आम्ही दोघं वर गेलो. मला त्यांनी का नेलं माहीत नाही. बहुधा एकटं जायचं धैर्य नव्हतं. वेल्ह्यापर्यंत एसटी, पुढे दुधाची जीप, मग दीड तास चढ. वाटेत सर एकदाही कुणाशी जेलबद्दल बोलले नाहीत, जीपवाल्याने स्वतःहून "काय म्हनतंय तुमचं हाड?" विचारलं तरीसुद्धा.

धाकूबाबा दारातल्या बाजेवर पाय पसरून बसले होते. सरांना बघून त्यांचं तोंड फुललं. "आलं का?" म्हणाले.

सर बाजेच्या कडेला टेकले. "बाबा, ते आलेलं न्हाई. यायचं बी न्हाई," ते म्हणाले. सरांची भाषा एका वाक्यात गुंजवण्याला पोचली होती. "त्यात काय दम न्हाई. जेली हाय ती. पोरं डब्यात नेत्यात तसली."

"शिबिरात तर लई बेस म्हनत व्हता."

"बढाई मारली म्या. आट वर्सं करतोय, आजून उंदराला बी लावलेलं न्हाई. मानसाला लावायचं म्हंजी किती वर्सं, मला ठावं न्हाई. तवर मी असंन का न्हाई ते बी ठावं न्हाई."

 सरांनी खिशातून डबी काढली. सतरा नंबरचा तुकडा हातावर घेतला, बाबांच्या पुढ्यात धरला आणि दोन बोटांत चुरगळला. पांढरा चुरा त्यांच्या पँटवर पडला.

"बगा," सर म्हणाले. "ह्याच्यावर तुमी उभं ऱ्हानार व्हय?"

खरं तर तुकडा वाळवलेला होता. कोरडा चुरगळतोच, ओला असता तर चेपून पुन्हा वर आला असता. एवढं मलाही ऐकून ऐकून ठाऊक होतं. 

बाबांनी चुऱ्याकडे पाहिलं, मग सरांकडे बराच वेळ पाहिलं. म्हणाले, "म्हैनाभर शेळ्या कोन बगनार? पोरगा पुन्यात टेम्पो चालवतोय, त्यो काय येनार न्हाई. हिच्यानं म्हशी आन शेळ्या दोनी व्हनार न्हाई."

"मी बगतो," सर म्हणाले.

ठकूबाईला हसू आवरेना. तिने पदर तोंडाला लावला. "सर, आमच्या शेळ्या शिकलेल्या न्हाईत," ती म्हणाली.

पण दिवाळीची सुट्टी लागली आणि सर वळकटी घेऊन खरोखरच वर गेले. सुट्टीला जोडून रजाही टाकली. मुलाने बाबांना पुण्याला नेऊन दाखल केलं, ऑपरेशन झालं.

सर गेले ते प्रयोगशाळेतल्या फ्रीजची किल्ली खिशात घेऊन. फ्रीजला कुलूप लावायची पद्धत त्यांनीच पाडली होती, शिपायाने आत बासुंदी ठेवली होती तेव्हापासून. आत त्यांचे नमुने होते. पुण्याच्या एका प्रयोगशाळेत दाबाखाली नमुने तपासायच्या मशीनचा नंबर दोन महिन्यांनी लागला होता, तो शुक्रवारी. वर मोबाईलला रेंज नाही. बुधवारी मी फराळाचा डबा घेतला आणि गेले.

भाताची कापणी चालली होती, खाली खाचरांत माणसं वाकलेली दिसत होती. वर वाड्यात ठकूबाई म्हशीला पाणी दाखवत होती. मला बघून तिने तक्रारींची सुरुवातच केली.

"बाई, तुमचं सर शेळीला आहो म्हनत्यात. 'आहो, तिकडं जाऊ नका.' आता शेळी ऐकंल व्हय? आन दूद काडाय बसलं का धारच बगत बसत्यात. कासंडी भरायला दिस मावळतोय."

"जेवतात का नीट?"

"दोन येळ बोलवावं लागतंय. त्येन्ला कुनी जेवाय बोलवायची सवंच न्हाई. हाक मारली का दचकत्यात."

सर पठारावर होते. दाढी वाढलेली, डोक्याला बाबांचं मुंडासं, हातात काठी. शेळ्या त्यांच्यापासून बऱ्याच लांब, आपल्या मनाने चरत होत्या. एक करडू मात्र त्यांच्या पायाशी बसलं होतं. सरांनी मला खडकावर जागा झाडून दिली.

"किल्ली," मी म्हटलं.

त्यांनी दिली. नमुन्यांबद्दल काही विचारलं नाही. मीच सांगितलं की शुक्रवारी मी स्वतः घेऊन जाते, बर्फाच्या डब्यातून. ते मान हलवत राहिले. मग म्हणाले, "मॅडम, एक गंमत सांगू? आठ वर्षं मी सगळ्यांना सांगत फिरतोय. विद्यार्थी, प्राचार्य, अनुदान समितीतली माणसं. तुम्हीसुद्धा."

"मी ऐकते की."

"तुम्ही पोळ्या लाटता." ते हसले. "एका माणसाने खरं मानलं. एकाच. आठ महिने वाट बघत बसला. आणि मला इथे येऊन त्यालाच सांगावं लागलं की नको मानू."

 मी डबा उघडला आणि म्हटलं, "चकली खा." त्यांनी दोन खाल्ल्या. आकाराबद्दल काही बोलले नाहीत, तेव्हा मला जरा काळजी वाटली.

नमुने मी पुण्याला नेले, चांगले निघाले. सुट्टी संपल्यावर सर परत आले. शिकवत होते, मशीन चालवत होते, पण शर्टाचा खिसा रिकामा असायचा. न्हावी मला म्हणाला, सर आता मान हलवत नाहीत, काम सोपं झालंय, पण दुकानात करमत नाही.

संक्रांतीच्या आधी एका दुपारी कॉलेजच्या व्हरांड्यात काठीचा आवाज आला. धाकूबाबा होते. दोन्ही काखांत कुबड्या, पण दोन्ही पाय जमिनीवर. मागे ठकूबाई, तुपाची बरणी घेऊन. डॉक्टरांनी पाय राहील म्हणून सांगितलं होतं. मी खुर्ची दिली. सर धावत आले, पाय बघितला, जखमेचा व्रण बघितला, पुन्हा पाय बघितला.

"सर, येक इचारू?" बाबा म्हणाले.

"विचारा की."

"त्या दिशी तुमी आपल्या मालाला लई नावं ठिवली. म्या चाळीस वर्सं बाजारात शेळ्या इकतोय. आपलं जनावर वाईट हाय, आसं म्हननारा मानूस म्या आजून बगितला न्हाई."

सर घुटमळले. "म्हणजे, तुम्हाला पटलं नव्हतं?"

"येक अक्षर पटलं न्हाई."

"मग ऑपरेशनला गेलात कशाला?"

"आता काय सांगावं." बाबांनी कुबडी बाजूला ठेवली. "म्हनलं, हा मानूस माज्या पायापायी आपला माल मातीत घालतोय. त्येचं तरी ऐकावं."

ठकूबाई म्हणाली, "घरी बी ह्येच म्हनत व्हतं."

सर उभेच होते. चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, घातला, परत काढला.  

"आता आलोच हाय तर कसं करताय ते दावा," बाबा म्हणाले. "शिबिरात मानसं लई फुडं फुडं करत व्हती. मला नीट दिसलं न्हाई."

सरांनी त्यांना हाताला धरून प्रयोगशाळेत नेलं. मी मागून खुर्ची नेली, ठकूबाईला स्टूल दिलं. सरांनी मशीन चालू केलं. सुई फिरायला लागली, थरावर थर बसायला लागला. बाबा पुढे वाकून बघत होते आणि मध्येच बोट दाखवून काहीतरी विचारत होते. सर खाली वाकून हळू आवाजात उत्तर देत होते, एका वेळी एक वाक्य, विचारलं तेवढंच.

पाच वाजता शिपाई कुलूप घेऊन आला. मी त्याला चहा प्यायला पाठवलं आणि नवऱ्याला फोन करून सांगितलं की वेल्ह्याची शेवटची एसटी चुकणार आहे, पाहुणे दोन आहेत, भात जास्त लाव.